ओहळापर्यंतचे साहेब

माणूस भेटला की लोक आधी 'कसा आहेस' विचारतात. साहेब विचारायचे, "कोण गेलं?"

ते आमदार असताना त्यांच्या शहापूरच्या कार्यालयात मी पहिल्यांदा गेले ती पेढे घेऊन. बी.ए.चा निकाल लागला होता. आमच्या वस्तीत माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी आजही मान वर करून सांगते, कुणाला खुपलं तर खुपू दे. बाबा पुढे, मी मागे. बाबांचा चेहरा आनंदातसुद्धा गंभीरच असायचा. साहेबांनी मान वर केली, बाबांचं तोंड पाहिलं, हातातला कप खाली ठेवला, खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि उठता उठता म्हणाले, "कोण गेलं रे? कधी उचलायचंय?"

"कोण नाय गेलं साहेब. पोरगी पास झाली. बी.ए."

"असं होय," म्हणाले आणि परत बसले. त्यांच्या तोंडावर मला चक्क थोडी निराशा दिसली.

त्यांचं सगळं राजकारण मयतीवर उभं होतं. लग्नाला ते जात नसत. पत्रिका आली की बाजूला सारून म्हणत, "लग्नाला सगळी दुनिया येते. कोण आलं होतं ते नवऱ्या मुलाला तरी आठवतं का? माणूस गेला की घर उघडं पडतं. तेव्हा दारात उभा राहील तो आपला." हे ते इतक्यांदा बोलले होते की त्यांच्या ड्रायव्हरलाही पाठ होतं. मतदारसंघ होता एका तालुक्याचा, पण नातीगोती शहापूर-मुरबाडभर पसरलेली, म्हणून ते दोन्ही तालुक्यांतल्या मयती करत. शहापूरच्या बाजारात बांबू, मडकी, पांढरं कापड असं शेवटचं सामान विकणारा एक दुकानदार होता. गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडायच्या आत तो साहेबांना फोन लावायचा. कधी कधी घरी सामान पोचायच्या आधी साहेब पोचलेले असत, आणि रडणाऱ्या बायका क्षणभर रडायच्या थांबून बघत राहत.

त्यांना जिवंत माणसांची नावं आठवत नसत. मेलेल्यांची मात्र बिनचूक आठवत. भर बाजारात हाक मारायचे, "काय रे, तू त्या मळणीत गेलेल्याचा धाकटा ना?" आणि धाकट्याला भरून यायचं. आमदाराला आपला बाप आठवतो! मग त्याचं काम राहायचं बाजूलाच, तो डोळे पुसत घरी जायचा. विरोधक म्हणायचे, "यांना भेटायचं तर आधी घरातलं एक माणूस मारावं लागतं." साहेबांनाही हे ठाऊक होतं. त्यावर ते मनापासून हसायचे.

एक गोष्ट मी कॉलेजात असल्यापासून पाहत आले. वस्तीतल्या कुणाच्या ती लक्षात आली नव्हती, किंवा आली असली तरी कोणी बोलत नव्हतं. तिरडी घरातून निघते, वाटेत विसाव्याला टेकते, तिथून पुढे स्मशानात जाते. साहेबांचा खांदा घर ते विसावा एवढाच. घरापाशी बायका-पोरं, पाहुणे, शेजारी, सगळा गाव बघत असतो. विसाव्यापासून पुढे उरतात ती मोजकी माणसं. विसाव्याला तिरडी टेकली की साहेब पंच्यानं मान पुसत, हात जोडत, "पुढची एक मयत आहे," म्हणत आणि जीप निघून जाई. अर्धी वाट चालून सबंध माणूस पोचवल्याचं नाव मिळत असे.

आता आमची वस्ती. डोळखांबकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची घरं. गावाची स्मशानभूमी गावाची, आमची वेगळी, ओहळापलीकडच्या माळावर. अलीकडची सगळी जमीन कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर, तिथे आमचा मेलेला कोण जाळू देणार? बौद्ध झाल्यावर मडकं-पिंड सगळं आम्ही सोडलं. विसावाही सोडला असता, पण तो सोडून चालण्यासारखं नव्हतं. ओहळाच्या काठाला तिरडी टेकवून माणसांना कपडे वर खोचावे लागत, पलीकडच्या जांभळीला दोर बांधून यायला एक जण पुढे पाठवावा लागे. मग बाकीचे दोराला धरून, छातीभर पाण्यातून मेलेल्या माणसाला डोक्यावर उचलून नेत. पाणी जास्त असलं की मयत घरात थांबे.

म्हणून वस्तीत एक रीत होती. उन्हाळा संपत आला की प्रत्येक घरानं लाकडाची एक मोळी ओहळापलीकडे नेऊन रचून ठेवायची. पावसाळ्यात कोण जाणार ते कुणालाच ठाऊक नसे, पण त्याचं सरण मात्र तयार असे. माझी आई मोळी टाकून आली की म्हणायची, "बघू या, कुणाची लॉटरी लागते." बायका हसायच्या. मीही हसायचे. आता वाटतं, कसल्या गोष्टीवर हसत होतो आम्ही.

वस्तीला एकच गोष्ट हवी होती. साकव. चार खांब आणि वर चालण्यापुरती स्लॅब, म्हणजे पावसाळ्यात मेलेला माणूस माणसासारखा पलीकडे जाईल. आणि तो साकव साहेब देणार यावर माझ्या बाबांचा जो विश्वास होता, तसा विश्वास मी पुढे कुठल्याच माणसाचा कशावर पाहिला नाही.

त्याचं कारण होतं, आणि ते मी लपवणार नाही. माझी आजी वारली तेव्हा साहेब आमदार नव्हते, गावातले नुसते गुरुजी होते. तोपर्यंत गावातलं कोणी आमच्या मयतीला आलेलं नव्हतं. रस्त्यावर उभं राहून बघत, एवढंच. हे गुरुजी मात्र सरळ वस्तीत आले, चपला काढल्या आणि आजीच्या तिरडीला खांदा लावला. गावात त्यावरून बोलणी झाली, ती त्यांनी सोसली. बाबा सांगायचे, "माझ्या आईला पहिला खांदा त्यांचा, मग माझा." त्या एका दिवसावर बाबा पुढचं सगळं आयुष्य त्यांच्यामागे चालले. भिंती रंगवल्या, सभांना ट्रक भरले, पाड्यापाड्यावर पायी फिरले. साहेबांनी पक्ष बदलला तसा बाबांनीही बदलला, 'का' म्हणून विचारलं नाही. साहेब बाबांपेक्षा वयानं लहान. तरी ते बाबांना 'अरे' म्हणत आणि बाबा त्यांना 'तुमी'.

तर पेढ्यांचा दिवस. साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "नोकरीचं झालं समज." 'झालं समज' हा त्यांचा ठेवणीतला शब्द. 'नाही' त्यांनी कधी कुणाला म्हटलं नाही.

मी म्हणाले, "नोकरी माझी मी बघीन. तुम्ही आमचा साकव बघा."

बाबांनी माझा हात दाबला. साहेब मात्र रागावले नाहीत. माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहिल्यासारखं, आणि बाबांना म्हणाले, "पोरगी तोंडाची फटकळ हाय रे तुझी."

"शिकलेली हाय साहेब," बाबा ओशाळून म्हणाले.

"मग तुला शिकल्यासारखं सांगतो, पोरी," साहेब पुढे वाकले. "साकव बांधला की लोक वरून चालत जातात. कोणी बांधला ते दुसऱ्या पावसाळ्यात विसरतात. खांदा दिलेला पिढ्यान् पिढ्या विसरत नाहीत. आता सांग, मी काय देऊ?"

सगळे हसले. बाबाही हसले. मला साहेबांचा राग नंतर आला, आधी बाबांच्या हसण्याचा आला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, ते तोंडावर सांगतायत की साकव देणार नाय."

"मस्करी करत व्हते गो. मोठी माणसं अशीच बोलतात."

मस्करी नव्हती. त्या माणसानं आयुष्यात एकदाच खरं सांगितलं, आणि ते नेमकं मलाच सांगितलं.

विधानसभेत ते काय बोलले ते मला माहीत नाही, बहुधा काही बोललेच नाहीत. नागपूरच्या अधिवेशनाहून संत्री आणायचे आणि ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथे वाटायचे. निधी मिळाला की स्मशानात शेड बांधायचे. चार लोखंडी खांब, वर पत्रे, आणि पुढच्या पट्टीवर निळ्या रंगात त्यांचं नाव. गावोगाव ते नाव होतं. कित्येक पाड्यांवर दवाखाना नव्हता, शाळेला छप्पर नव्हतं, पण मेल्यावर डोक्यावर पत्रा होता.

आमच्याकडेही शेड आली. ओहळापलीकडे! साकव नाही आणि पलीकडे शेड. वस्तीतल्या माणसांनी खांब-पत्रे कोरड्या ओहळातून डोक्यावर नेले. उद्घाटन भर उन्हाळ्यात ठेवलं, ओहळात बेडूकसुद्धा बुडला नसता. तरी मंडप अलीकडेच घातला, फीतही अलीकडेच बांधली. साहेबांनी फीत कापली आणि हात लांब करून म्हणाले, "ती बघा तुमची शेड!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी सगळ्यात जास्त वाजवल्या. घरी येऊन आईला म्हणाले, "शेड आली म्हंजे आता साकव आलाच. शेडीला जायला वाट नको का?"

आई चूल फुंकत होती. म्हणाली, "शेड मेलेल्यांची, वाट जित्यांनी मागायची. त्यांना आपण जिते दिसलो तर ना."

माझी मावशी उंबरमाळीकडे दिली होती. तिचा नवरा छातीत दुखतं म्हणून तळमळत होता. त्याच वेळी साहेबांची जीप त्यांच्या पाड्याजवळ, एका दहाव्याला आलेली. मावशी धावत गेली. "साहेब, माझ्या नवऱ्याला शहापूरच्या दवाखान्यात टाका ओ." साहेबांना मुरबाडकडे एका बड्या घरची मयत गाठायची होती. म्हणाले, "येताना घेतो. झालं समज." मावशी संध्याकाळपर्यंत नवऱ्याला अंगणात आणून बसली होती, जीपचा आवाज आला की पटकन चढवता यावं म्हणून. तो तिथेच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी हजर झाले ते साहेब. पंचा खांद्यावर, चेहरा पडलेला. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "जीप आज मोकळी वाटतं?"

साहेबांनी मान खाली घातली, आणि खांदा दिला. विसाव्यापर्यंत.

मी हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "ते एकटे किती ठिकाणी पुरणार?" त्यानंतर मी घरात साहेबांबद्दल बोलणं सोडलं.

पुढे साहेब पडले. नवा उमेदवार तरुण होता. तो लग्नं करायचा, साखरपुडे करायचा, मोठ्या गाडीतून बेंजोवाली पोरं पाठवायचा. लोकांना हसणारा आमदार हवा होता. पुढच्या निवडणुकीला साहेब परत उभे राहिले आणि परत पडले. जीप गेली, कार्यालयाचं शटर पडलं, दुकानदार आता नव्या आमदाराला फोन लावू लागला. तरी साहेब मयतींना जात राहिले. एसटीनं, वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून. कळायचं उशिरा, पोचायचे उशिरा. तिरडी त्यांच्यासाठी थांबेनाशी झाली. त्यांना मी एकदा वाशिंदला स्टेशनबाहेर पाहिलं. मी तिथे शाळेत शिकवत होते. चहाच्या टपरीवर चार अनोळखी माणसांना ते विचारत होते, "तुमच्याकडे कोण गेलं का हल्ली?" माणसं चहा टाकून उठली. वाईट वाटायला हवं होतं. मला नाही वाटलं, आणि मी वाटून घेतलंही नाही.

बाबा आजारी पडले ते पावसाच्या तोंडावर. खोकला सुरू झाला की उठून बसत आणि एकच बोलत. "मी गेलो की साहेबांना सांगा. त्यांनी खांदा दिल्याबिगर मला उचलू नका." आई भिंतीकडे तोंड करायची. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि 'हो' म्हणायचे. मरणाऱ्याशी वाद घालायला मी शिकले नव्हते.

श्रावणात एका पहाटे बाबा गेले. आदल्या दिवसापासून पाऊस होता. आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, साहेबांना फोन लावला. "निघालोच," ते म्हणाले. सकाळ गेली. बाबांना पांढऱ्या कापडात बांधलं, फुलं वाहिली, त्रिशरण-पंचशील झालं. आता उचलायचंच बाकी होतं. पुढची डावी बाजू साहेबांसाठी मोकळी ठेवली होती.

माझा चुलतभाऊ मधू ओहळ बघून आला. कमरेखाली सगळा चिखल. म्हणाला, "आप्पा, पाणी चढतंय. आता निघालो तर जाऊ, नायतर उद्यावर गेलं."

"साहेब येतायत ना रे. माझ्या भावाचा शब्द हाय."

"उद्या तरी पाणी उतरेल कशावरून? दोन दिवस ठेवणार का काकाला घरात?"

"मग काय, शब्द मोडू?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला भाऊ नाही. मी शिकलेली, मी मोठी, निर्णय माझ्यावर आला. बाहेर पाऊस, आत आई, आणि मध्ये बाबा, जन्मभर ज्यांनी वाट पाहिली ते, अजून वाट पाहत. मेल्यावरसुद्धा!

मी पदर खोचला, पुढच्या डाव्या बाजूला गेले आणि म्हणाले, "उचला."

आप्पा म्हणाले, "गो, तिथं साहेबांची जागा हाय."

"तिथं बाबांची पोरगी हाय. उचला."

ओहळाच्या काठाला तिरडी टेकली. मधू दोर घेऊन पाण्यात उतरला. तेवढ्यात मागून हाक आली, "थांबा! थांबा रे, मी आलो!" साहेब रस्त्यावरून धावत येत होते. छत्री उलटी झालेली, एक चप्पल हातात. किती म्हातारे झाले होते! आले ते थेट बाबांच्या पायाशी वाकले, आणि खरोखरच रडले. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मग पंच्यानं तोंड पुसून म्हणाले, "मला न विचारता उचलला गं? घरापासून यायचं होतं मला."

"घरापासून आम्ही आणलं," मी म्हणाले. "साहेब, तुम्ही इथून पुढे खांदा द्या."

नुसता पाण्याचा आवाज. साहेबांनी ओहळाकडे पाहिलं. लाल पाणी, फांद्या वाहत चाललेल्या, आणि पलीकडे पावसात त्यांच्या नावाची निळी पट्टी. त्यांना ती तिथून वाचता येत होती की नाही कोण जाणे.

आप्पा पुटपुटले, "जाऊ दे गो, म्हातारा माणूस."

पण साहेबांनी पँट वर दुमडली. माझ्या जागेवर खांदा लावला. मी बाजूला झाले. सगळे पाण्यात उतरले. घोट्याएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं. मी दोराला धरून मागून चालत होते आणि, खरं सांगते, त्या चार पावलांत मला वाटलं, बाबांचं खरं ठरलं. बाबा, तुमचं खरं ठरलं.

मांड्यांना पाणी लागलं तशी साहेबांनी मान किंचित वळवली, मागच्या पोराला म्हणाले, "घे रे बाबा," आणि खांदा काढून घेतला. इतक्या सफाईनं, की तिरडी जराही हलली नाही. पोरगा पुढे सरकला, साहेब मागे सरले, काठावर जाऊन उभे राहिले. जन्मभराचा सराव होता.

आम्ही पलीकडे गेलो. उन्हाळ्यात टाकलेल्या मोळ्या शेडीत रचलेल्या होत्या. त्यातली एक बाबांनीच टाकलेली असणार. सरण रचलं, बाबांना ठेवलं. टायर, रॉकेल, सगळं झालं. मधूनं चूड पेटवून माझ्या हातात दिली.

तेव्हा कोणीतरी म्हणालं, "साहेब बोलतायत."

ओहळाच्या वस्तीकडच्या काठावर, दगडावर चढून साहेब श्रद्धांजलीचं भाषण करत होते. उघड्या डोक्यानं, पावसात. उजवा हात वर, डावा छातीवर. ओठ हलताना दिसत होते. पाण्याच्या आवाजात एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

आप्पांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतात गो?"

"ऐकू येत नाय, आप्पा."

"मग थांब जरा. बोलणं होऊ दे त्यांचं."

आणि आमची सगळी माणसं थांबली. सवयच ती. हात जोडून, ओळीनं, ओहळाकडे तोंड करून उभी राहिली, न ऐकू येणारं भाषण ऐकत. सगळ्यांची पाठ बाबांकडे.

मी थांबले नाही. चूड सरणाला लावली. लाकडं वाळलेली होती, चटकन धरली. आच पाठीला लागली तेव्हा कुठे एकेक जण वळला.